वय झालं, चालायचंच!

आपल्या नगर जिल्ह्यातला एकच रक्तदाब साऱ्या देशाला तोंडपाठ होता. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा राळेगणसिद्धीच्या या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं वजन किती उतरलं, नाडी किती, बीपी किती, हे डॉक्टर रोज येऊन सांगायचे आणि वाहिन्या दिवसभर तेच दळण दळायच्या. जानेवारी २०१९ च्या अखेरीस ते राळेगणलाच बसले, तेव्हाही बीपी वाढल्याच्या बातम्या आल्या आणि ५ फेब्रुवारीला मुख्यमंत्री गावात हजर झाले. रक्तदाब मोजून जाहीर केला की सरकारसुद्धा हलतं, हे नगरकरांइतकं कोणाला ठाऊक? तरीही २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर भरलेला बाकीचा जिल्हा उपोषणाला बसल्याशिवाय बीपी मोजायचा नाही, अशी शपथ घेतल्यासारखा वागतो.

आणखी एका वर्गाचा बीपी आपल्याला नियमित कळतो. चौकशीची नोटीस निघाली, दारात गाडी उभी राहिली की साहेबांना ‘रक्तदाब वाढल्यानं रुग्णालयात दाखल’ करतात. हा रक्तदाब कायद्याचा जाणकार असतो. तारीख पडली की चढतो, जामीन मंजूर झाला की उतरतो. इतकी गुणकारी गोळी अजून कुठल्याही औषध कंपनीला जमलेली नाही.

उरलेल्यांसाठी वाढदिवसाचं महाआरोग्य शिबिर असतं. मांडव, साहेबांचा चाळीस फुटी फलक, शेजारी डीजे, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या टेबलावर बीपीचं यंत्र. रांगेतला एक गडी बघा. सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून, मोटरसायकलीवर आलाय. दोन तास रांगेत उभा आहे आणि तेवढ्याच वेळापासून त्याला लघवीला लागलीय. गालात मावा आहे. नंबर आला तसा स्टुलावर टेकला. पाठीला आधार नाही, पाय लोंबतायत, एकावर एक टाकलेत. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. हात हवेत. मागच्याशी त्याच्या कांद्याच्या भावावर गप्पा चालू. फुस्स, फुस्स, फुस्स. ‘एकशे तीस-ऐंशी. नॉर्मल. पुढे!’

बीपी चुकीचा येण्याची जेवढी कलमं आहेत, ती सगळी या एका स्टुलावर बसली आहेत. तंबाखू आणि चहा अर्धा तास आधी बंद हवा. मूत्राशय रिकामं हवं. पाच मिनिटं शांत बसायला हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, तोंड बंद. यातली एकेक चूक आकडा पाच-दहानं सहज हलवते. पट्टा बांधल्यावर नुसतं बोललं तरी वरचा आकडा चढतो. मग या गड्याचा आकडा एवढा सोज्वळ कसा आला? कारण तो मोजलाच नाही. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरानं दंडावर पट्टा आवळून, तो सैल करताना धमनीतले ठोके कानानं ऐकायची पद्धत सांगितली. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज विरला तो खालचा. तेव्हा डीजे नव्हता, हे त्या डॉक्टराचं नशीब. शिबिराच्या वहीत सगळे आकडे शून्यावर संपतात, एकशे वीस-ऐंशी, एकशे तीस-ऐंशी, तेव्हा साऱ्या तालुक्याची तब्येत ठणठणीत आहे असं समजू नका. वही भरणाऱ्याला जेवायला जायचं होतं, एवढंच समजा.

त्या वहीबाहेरची गोष्ट वेगळी आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के लोकांचा बीपी वाढलेला होता किंवा गोळी चालू होती. म्हणजे पारावर पाच जण बसले असतील तर त्यातल्या एकाला तो आहे. आणि त्या पाचांपैकी प्रत्येकाला खात्री आहे की तो दुसरा आहे.

ही खात्री कुठून येते? आपल्याकडे प्रत्येक वयासाठी एक तयार वाक्य आहे. पोरगं असेल तर ‘लहान मुलांना कुठं बीपी असतो!’ तरणा असेल तर ‘या वयात कसला बीपी!’ पोटुशी असेल तर ‘या दिवसांत व्हायचंच.’ चाळिशीत ‘टेन्शन आहे हो.’ आणि साठी ओलांडली की सगळ्यांवरचा उतारा, ‘वय झालं, चालायचंच.’ पाळण्यापासून तिरडीपर्यंत बीपी मोजायला सोयीचं असं एकही वय आपण शिल्लक ठेवलेलं नाही.

लहान पोरांचं आधी उरकतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा वरचा आकडा सत्तरच्या आसपास असतो, वर्षाच्या पोराचा नव्वदच्या अलीकडे-पलीकडे, शाळेत जाणाऱ्याचा शंभरच्या घरात. त्यांचा आकडा एकटा वाचायचा नसतो. वय, मुलगा की मुलगी, आणि उंची या तिन्हींचा तक्ता लावून वाचायचा असतो. म्हणून दुसरीतल्या पोराचा एकशे वीस-ऐंशी आला आणि ‘वा, अगदी नॉर्मल’ म्हणून तुम्ही पेढे वाटलेत तर चुकलात. मोठ्याला शोभणारा तो आकडा त्याच्यासाठी जास्त आहे, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाकडे बघा असं तो सांगत असू शकतो. तेराव्या वर्षानंतर पोरं या बाबतीत मोठ्यांच्या पंगतीला बसतात. वडापाव, कुरकुऱ्यांच्या बाबतीत ती आधीच बसलेली असतात.

तरण्यांची गोष्ट जरा रंगतदार. भरतीसाठी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणारा पोरगा स्वतःला लोखंडी समजतो, आणि पळून आल्यावर टपरीवर मावा चोळतो. नगरी मावा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून केलेली आपली अस्मिता. तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं, बीपी चढवतं आणि रक्तवाहिन्यांचं वाटोळं करायचं काम रोज थोडं थोडं करतं. घरात आई मिसरी लावत असते. तिला ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ती दुखावते. तिच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासणं. कुठल्याच फॉर्ममध्ये ती येत नाही, तिच्या रक्तात मात्र बिनचूक येते.

आता पोटुशीकडे या. इथं मला हसायचं सुचत नाही. गरोदरपणात मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडा उतरतो आणि शेवटी पुन्हा वर येतो. त्यामुळे पाचव्या महिन्यानंतर एकशे चाळीस-नव्वद दिसला तर ते ‘व्हायचंच’ यात बसत नाही. लघवीत प्रथिनं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, हे त्याच्या जोडीला आलं की गाडी बघायची असते. एकशे साठ-एकशे दहा झाला की गाडी निघालेली असायला हवी. नाहीतर झटके येतात. आणि झटके आले की आपल्याकडे ‘बाहेरचं झालं’ म्हणून देवऋषी शोधणारी घरं अजून संपलेली नाहीत. आतलं काय झालं होतं ते दोन मिनिटांत पट्ट्यावर दिसलं असतं.

हे आपल्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी कळलेलं आहे, म्हणून जास्त राग येतो. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. दुष्काळी तालुका, रस्ते नाहीत, डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कित्येकींना जातीमुळे गावानं वेशीबाहेर ठेवलेलं होतं. त्यांना बाळंतपण, पोरांचं खाणं, क्षय, कुष्ठरोग हे सगळं शिकवलं, आणि बीपी मोजायलाही शिकवलं. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्या हाती गावानं आपला दंड दिला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. आल्मा-आटाच्या १९७८ च्या परिषदेत ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ ही घोषणा जगानं दिली, त्याच्या आठ वर्षं आधीपासून आपल्याकडे ती चालू होती. जग आलं आणि शिकून गेलं. पाथर्डी, शेवगाव, पारनेरकरांना जामखेड जवळच पडतं, त्यामुळे आपण म्हटलं, जाऊ कधीतरी.

यावर कोणी म्हणेल, आता आशाताई आहेत, उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायचा कार्यक्रम आहे. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ म्हणत अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणीही झाली. खरं आहे. कागद उत्तम आहे. पण तपासणी एका दिवसाची असते आणि बीपी जन्माचा सोबती. पहिल्या दिवशी सापडलेला माणूस तिसऱ्या महिन्यात गोळी घेतोय का, हे विचारणारी वही जिथं असते तिथंच काम होतं. देशात हे नीट करून बघायचा कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले गेले. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, त्यांचा ठरलेला क्रम, प्रत्येकाचं कार्ड, आला नाही तर फोन. यात रॉकेट उडवायचं काहीच नाही. साखर कारखान्याच्या सभासद यादीत मेलेल्याचंसुद्धा नाव नीट सांभाळणाऱ्या आपल्या जिल्ह्याला जिवंत माणसांची एक यादी जड जाऊ नये.

कारखान्यावरून आठवलं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, त्या हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गोळ्या मिळतात महिन्याच्या, फड असतो पाच महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात गोळ्या संपतात. परक्या तालुक्यातल्या दवाखान्यात जायचं तर त्या दिवसाची तोड बुडते, आणि खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. मुकादमाच्या वहीत कोणावर किती उचल आहे ते पैशापर्यंत लिहिलेलं असतं. त्याच वहीत नावापुढं दोन आकडे बीपीचे लिहायला शाई किती लागेल? आणि निघताना चार-पाच महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायला कोणाची मंजुरी अडते? एखाद्या हुशार आमदारानं विधानसभेत हा प्रश्न विचारावा. विचारताना बीपी वाढला तर तो खरा समजू.

चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाचं वेगळंच दुखणं. त्याला आजाराची भीती नाही, गोळीची आहे. ‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर लागते.’ अहो, चहा आयुष्यभर लागतो, मोबाइल लागतो, सोयरेधायरे लागतात, त्यातल्या कशालाही तुम्ही नाही म्हटलं नाही. दुसरा युक्तिवाद, ‘मला काही त्रासच नाही.’ हाच तर त्याचा गुण आहे. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि मग एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढला आणि नाही दुखलं म्हणजे उतरला, हा हिशेब साफ खोटा. तिसरा गडी गोळी घेतो, बीपी नॉर्मल येतो, आणि ‘बरा झाला’ म्हणून गोळी बंद करतो. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव दर वर्षी पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतं. विहीर भरलेली दिसली म्हणून त्यांनी मोजणी बंद केल्याचं ऐकलं आहे का? बायकांचं म्हणाल तर तरुणपणी त्या या बाबतीत पुरुषांच्या मागं असतात, पाळी गेली की भराभर बरोबरी गाठतात. पण घरात बीपीचं यंत्र आलं की ते नवऱ्याच्याच दंडाला बांधायचं असतं, हे तिचं आणि घराचं दोघांचंही ठरलेलं.

आणि आता मुख्य आरोपी, ‘वय झालं, चालायचंच.’ जुन्या लोकांकडे एक सूत्र होतं, शंभरात वय मिळवा, तेवढा बीपी चालतो. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना एकशे सत्तर माफ. या सूत्राचा सगळ्यात थोर लाभार्थी अमेरिकेचा अध्यक्ष होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा बीपी वर्षानुवर्षं चढत होता आणि त्यांचे खासगी डॉक्टर, जे मुळात नाक-घशाचे होते, तब्येत वयाच्या मानानं छान असल्याचं सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट त्रेसष्टाव्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दिवशी मोजलेला आकडा होता ३००/१९०. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला ‘चालायचंच’ चाललं नाही, तर वाळकीच्या बाजारातल्या तात्यांना कसं चालेल?

बरं, वयाबरोबर बीपी वाढलाच पाहिजे असा निसर्गाचा नियमही नाही. १९८८ मध्ये बत्तीस देशांतल्या बावन्न ठिकाणी मीठ आणि रक्तदाब यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी बीपी निघाला पंच्याण्णव-साठच्या आसपास, आणि म्हाताऱ्यांचा तरण्यांपेक्षा जास्त नव्हता. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट मारतो. ठेचा, लोणचं, पापड, वर ताटात बोटभर मीठ, आणि मग म्हणायचं की आमच्याकडे आनुवंशिकच आहे. आनुवंशिक असतंच. आजीची लोणच्याची बरणीही आनुवंशिकच.

म्हातारपणी धमन्या ताठ होतात. वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. म्हणून ‘खालचा चांगला आहे ना, मग झालं’ हा दिलासा साठीनंतर बिनकामाचा. ऐंशीच्या पुढच्यांना गोळी देऊन काय उपयोग, याचं उत्तर २००८ मध्ये आलं. ऐंशीवरच्या लोकांवर झालेल्या हायव्हेट नावाच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत मृत्यू पाचव्या हिश्शानं कमी झाले. २०१५ मध्ये स्प्रिंट अभ्यासानं पन्नाशीपुढच्या जोखमीच्या लोकांत वरचा आकडा एकशे वीसच्या खाली ठेवून पाहिला. हृदयाची गंभीर दुखणी आणि मृत्यू घटले, पण चक्कर आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. म्हणजे किती खाली आणायचा हे माणूस बघून डॉक्टरनं ठरवायचं, शेजाऱ्यानं ठरवायचं नाही. आजोबांचा बीपी एकदा उभं करूनही मोजायला सांगा. उठल्यावर तीन मिनिटांत वरचा वीसनं कोसळत असेल तर रात्री लघवीला उठताना मोडलेलं खुब्याचं हाड बीपीपेक्षा महाग पडतं. खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायचं, याला पैसे पडत नाहीत.

मोठ्यांसाठी आपल्याकडे एकशे चाळीस-नव्वद ही रेघ धरतात, आणि घरी मोजला तर एकशे पस्तीस-पंच्याऐंशी. अमेरिकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ती रेघ एकशे तीस-ऐंशीवर ओढली आणि तिथले जवळपास निम्मे प्रौढ एका रात्रीत रुग्ण झाले. नगरकरांना त्याचं नवल नको. २०२४ मध्ये आपणही झोपून उठलो तर अहिल्यानगरचे झालो होतो. घर तेच, खड्डे तेच, ठेचा तोच.

‘गोळी नको, काहीतरी झाडपाल्याचं सांगा’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांना देऊन, प्रत्येकाचा बीपी नीट मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जग हादरलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतल्या औषधानं काहींना खोल उदासी येते हेही पुढे मोजूनच कळलं, आणि आज त्याहून सोयीच्या गोळ्या आहेत. झाडपाल्यालाही पट्टा बांधूनच पास व्हावं लागलं. व्हॉट्सअॅपवरच्या दुधी-लसणाच्या रसानं तेवढी तरी परीक्षा द्यावी.

तेव्हा तीस ओलांडलेल्या वाचकांनो, या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, त्यामुळे ती सबब गेली. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा, बाही वर करा, दोनदा मोजायला लावा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. मावा अर्धा तास आधीच थुंका. दवाखान्याच्या जिन्यात नको.